खोटं बोलणारा 'मी' लिहिताना मी कुठं आपटलो

प्रथमपुरुषी, तृतीयपुरुषी, सर्वज्ञ निवेदक हे सगळं तुम्हाला माहीत असणार, ते परत नको. मी ज्यात आपटलो तेवढंच सांगतो, कारण ती कथा अजून काढून बघितली की कान गरम होतात.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडचे दोन भाऊ, जमिनीची वाटणी, आणि मोठा भाऊ 'मी' म्हणून सांगतोय, धाकट्यासाठी काय काय केलं, लग्न लावलं, आईचा दवाखाना बघितला, आणि एकदम शेवटच्या ओळीत कळतं की ह्यानंच फसवून अंगठा घेतलेला. मला वाटलं काय भारी ट्विस्ट! एका जुन्या लेखकांना दाखवली. ते म्हणाले, "तो कुठं खोटं बोलला रे? खोटं तू बोललास." दोन दिवस मी फुगून बसलो.

पण खरं होतं ते. तो अंगठा त्या माणसाला दिवसरात्र टोचत असणार, आणि मी तो दाबून ठेवला, का तर शेवटी फटाका फोडायचा होता. ही नुसती लपवाछपवी झाली. अमेरिकन समीक्षक वेन बूथनं १९६१ मध्ये अविश्वसनीय निवेदक ही कल्पना मांडली ती वेगळीच आहे, निवेदकाला जे बरोबर वाटतं आणि कथेला जे बरोबर वाटतं त्यात फट पाहिजे. एडगर ॲलन पोची १८४३ ची ती खुन्याची कथा घ्या, 'द टेल-टेल हार्ट', म्हाताऱ्याला मारायचं ठरवलं हे तो दुसऱ्याच परिच्छेदात सांगून टाकतो. लपवत काहीच नाय, फक्त मी वेडा नाही म्हणतो, आणि तेवढंच आपल्याला पटत नाय.

मग मी अंगठा उचलून पहिल्याच पानावर टाकला. आपल्याकडं जमिनीचा उतारा कन्नडात, धाकट्याला कन्नड वाचता येत नाय, तर मोठा म्हणतो, "मीच कागद वाचून दाखवला, त्यानं काय विचारलंच नाय." बास. पुढं "पैशाचं मला काय नाय" म्हणणारा हाच माणूस दवाखान्याचं बिल रुपयापैशासकट सांगतो. सुरवातीला 'आपलं शेत', मग 'आमचं', शेवटी 'माझं'. आणि 'म्हणे' विसरू नका, "धाकटा म्हणे रडला" यात तो तिथं नव्हता हेही आलं आणि त्याला किती पडलंय तेही आलं. ही हत्यारं मराठीत फुकट पडलेली आहेत, त्यासाठी पैसे भरून एका दिवसाच्या वर्कशॉपला जायची गरज नाय (मी गेलो, जेवण चांगलं होतं). आणि नुसतं शुद्धलेखन तपासून 'छान' म्हणणारा गुरू तर अजिबात धरू नका.

आपल्या भागात अजून एक भानगड आहे. कडोली, येळ्ळूर, उचगाव ह्या बेळगावजवळच्या गावांतल्या साहित्य संमेलनांत कथाकथन ऐकून आपला कान तयार झालेला, तिथं सांगणारा आवाज बदलतो, डोळा मारतो, लोकांना कळतं. कागदावर डोळा मारता येत नाय, तिथं वाक्यानंच चुगली करायला पाहिजे.

पहिले तीन-चार ड्राफ्ट फसतीलच, घाबरू नका, माझे सहा फसले. सातवा काकूला वाचून दाखवला, मुद्दाम सपाट आवाजात, बातम्या वाचल्यासारखा. कागदाच्या वाक्यावर तिनं निवडायचे तांदूळ बाजूला ठेवले.

"थांब. काय वाचून दाखवला त्यानं?"

मी काय बोललो नाय, पुढं वाचत राहिलो.