पहिल्या नोकरीचे ऑफर लेटर सही करण्यापूर्वी कसे वाचावे

पुण्यातील एखाद्या मध्यम आकाराच्या कंपनीने दिलेली ‘अकाउंट्स असिस्टंट’ची जाहिरात पाहावी. अनुभव ‘०-१ वर्ष’ असा लिहिलेला असतो आणि त्याखाली टॅली, एक्सेल, जीएसटीचे रिटर्न, इंग्रजी पत्रव्यवहार, स्वतःची दुचाकी आणि ‘तात्काळ रुजू होणाऱ्यांस प्राधान्य’ अशी यादी असते. म्हणजे हिशेबनीस, कारकून आणि बँकेच्या फेऱ्या मारणारा शिपाई हे तिघे मिळून एक माणूस हवा असतो. पगार मात्र त्या प्रमाणात हललेला नाही. मोठ्या आयटी कंपन्यांतसुद्धा नवख्यांना दहा-बारा वर्षांपूर्वी जे सव्वातीन-साडेतीन लाखांचे पॅकेज मिळत असे, त्याच्याच आसपास आजही बहुतेकांची सुरुवात होते. अशा बाजारात घासाघीस करायला फारसा वाव नसला, तरी सही करण्यापूर्वी कागद शांतपणे वाचायला कोणी अडवत नाही.

पहिल्यांदा सीटीसीचा, म्हणजे कंपनी तुमच्यावर करणार असलेल्या एकूण खर्चाचा, आकडा बाजूला ठेवून पगाराचे परिशिष्ट उघडावे. समजा, पॅकेज वर्षाला ३ लाखांचे, म्हणजे महिन्याला २५,००० रुपयांचे आहे आणि मूळ वेतन १२,५०० आहे. त्यातून कंपनीच्या वाट्याचा मूळ वेतनाच्या १२ टक्के पीएफ (भविष्य निर्वाह निधी), म्हणजे १,५०० रुपये, आधीच बाजूला काढलेला असतो. ग्रॅच्युइटीपोटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी रकमेपोटी, मूळ वेतनाच्या ४.८१ टक्के, म्हणजे सुमारे ६०० रुपये धरलेले असतात. कायम कर्मचाऱ्याला ती सहसा पाच वर्षे सलग नोकरी केल्यावरच मिळते. पॅकेजच्या १० टक्के रक्कम ‘व्हेरिएबल’, म्हणजे कामगिरीवर अवलंबून, असेल, तर आणखी २,५०० रुपये दरमहा दिसणार नाहीत. उरलेला पगार २१,००० च्या आत असल्याने ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू होतो आणि त्यातील कंपनीचा ३.२५ टक्के हिस्साही सीटीसीतच बसवलेला असतो. असे करता करता एकूण पगार १९,७५० च्या आसपास येतो. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ १,५००, ईएसआय ०.७५ टक्के म्हणजे सुमारे १५० आणि व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००) वजा झाले, की बँकेत १७,९०० रुपये पडतात. महाराष्ट्रात २५,००० पर्यंत पगार असलेल्या महिलांना व्यवसाय कर नाही, त्यामुळे त्यांच्या हाती दोनशे रुपये जास्त येतात. कॉट बेसिसवरची खोली, मेसचा डबा आणि गाडीचे पेट्रोल यांचा हिशेब या १७,९०० मधून मांडायचा असतो, हे ‘पंचवीस हजारांची नोकरी लागली’ असे घरी सांगण्यापूर्वी लक्षात घ्यावे.

पीएफ वाचवण्यासाठी मूळ वेतन अगदी कमी ठेवून बाकी सारे भत्त्यांत दाखवण्याची जुनी पद्धत आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनुसार भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाले, तर जास्तीचा भाग वेतनातच धरला जातो. त्याच संहितांमुळे ठरावीक मुदतीच्या करारावरील कर्मचाऱ्याला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी मिळू शकते. म्हणून पत्रात ‘कायम’, ‘मुदतीचा करार’ की नुसते ‘ट्रेनी’ असा शब्द आहे, ते पाहावे.

यानंतर कामाचे तास. सकाळी साडेनऊला बायोमेट्रिकवर अंगठा लागतो आणि संध्याकाळी साडेसातला सुटका होते, असे आठवड्याचे सहा दिवस धरले, तर महिन्याचे सुमारे २६० तास होतात आणि वरच्या पगाराला तासाला ६९ रुपये पडतात. येण्याजाण्याचे रोजचे दोन तास मिळवले, तर ५७. दोन नोकऱ्यांची तुलना पॅकेजवर न करता या दरावर करावी. पाच दिवसांचा आठवडा असलेली, दोन हजारांनी कमी पगाराची जागा पुष्कळदा सरस ठरते. दुकाने व आस्थापनांच्या राज्य कायद्यात आठवड्याची मर्यादा ४८ तासांची आहे आणि त्यावरील कामाला दुप्पट दराने वेतन आहे. व्यवस्थापकीय पदांना ही तरतूद लागू नसल्याने कारकुनाच्या जागेलाही ‘एक्झिक्युटिव्ह’ असे भारदस्त नाव दिले जाते. मात्र हुद्द्याचे नाव काहीही असले, तरी प्रत्यक्ष कामाचे स्वरूप काय, हेच पाहिले जाते.

‘वेळोवेळी सोपवलेली अन्य कामे’ हे वाक्य प्रत्येक पत्रात असते आणि ते काढून टाकले जाणार नाही. माझ्या पहिल्या नोकरीत त्याच वाक्याच्या आधारे मी दिवाळीआधी चार दिवस सुक्या मेव्याचे डबे वाटत फिरलो होतो. पेट्रोल स्वतःचे होते. तेव्हा वाक्य राहू द्यावे, परंतु स्वतःची गाडी, मोबाइल किंवा लॅपटॉप वापरल्यास खर्च कसा मिळेल, हे ई-मेलवर विचारून लेखी उत्तर घ्यावे.

बॉण्ड, म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी नोकरी सोडल्यास कंपनीला रक्कम भरण्याचा करार, असेल तर अधिक सावध राहावे. असे करार आपोआप रद्दबातल ठरतात, हा समज चुकीचा आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका बँकेचा २ लाखांचा बॉण्ड वैध ठरवला. मुदत किती, रक्कम किती आणि प्रशिक्षण नेमके कोणते, हे तिन्ही पत्रात स्पष्ट असावे. नोटीस पिरियड, म्हणजे नोकरी सोडण्याची किंवा काढण्याची पूर्वसूचना देण्याची मुदत, दोन्ही बाजूंना सारखाच आहे का, तेही पाहावे. पदवीची मूळ प्रमाणपत्रे मात्र कोणत्याही कारणाने कार्यालयात ठेवू नयेत. पडताळणीसाठी दाखवून त्याच वेळी परत घ्यावीत.

रुजू झाल्यावर पगाराची पहिली स्लिप जपून ठेवावी. त्या महिन्याचा पीएफ पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरणे कंपनीला बंधनकारक असते. १५ तारीख उलटून काही दिवस गेले, की सरकारच्या उमंग ॲपवर यूएएन (पीएफ खात्याचा क्रमांक) टाकून पीएफचे पासबुक उघडावे आणि स्लिपवर कापलेले १,५०० रुपये तिथे जमा दिसतात का, ते तपासावे. दिसत नसतील, तर ‘एप्रिलच्या स्लिपमधील कपात पासबुकात दिसत नाही, कृपया तपासावे’ एवढाच मजकूर, स्लिप जोडून, एचआरला ई-मेलने पाठवावा आणि त्याची एक प्रत स्वतःच्या खासगी ई-मेलवर ठेवावी, कारण कार्यालयाचा ई-मेल नोकरी सुटली त्याच दिवशी बंद होतो.