नेट आणि फोन दोन्ही बंद पडले तर: संपर्काची तयारी आधीच कशी करावी

‘व्हीपीएन घालून ठेवा, काम झालं’ या सल्ल्याचा आधी निकाल लावू. व्हीपीएन म्हणजे अडवलेल्या ठिकाणी पोचायचा वळसा. रस्ताच उखडला असेल तर वळसा कुठून घेणार? इजिप्तमध्ये जानेवारी 2011 मध्ये इंटरनेट सुमारे पाच दिवस बंद होतं आणि सुरुवातीला मोबाइलही. स्पेन-पोर्तुगालमध्ये 28 एप्रिल 2025 ला वीज गेली, टॉवरच्या बॅटऱ्या काही तासांत उतरल्या आणि फोन मुके झाले. अशा वेळी व्हीपीएनचा काडीचा उपयोग नसतो.

सोपं ते आधी उरकू.

सगळ्यांचे नंबर कागदावर लिहा. भेटायच्या दोन जागा ठरवा: एक घराजवळची, दुसरी लांबची. संपर्काच्या वेळाही कागदावरच हव्यात: सकाळी 8, दुपारी 2, रात्री 8, प्रत्येकी दहा मिनिटं. मधल्या वेळात उपकरणं बंद. लागोपाठ दोन वेळा चुकल्या तर पहिल्या जागी जायचं, हेही आत्ताच ठरवा. हा कागद नसेल तर पुढचं काहीही विकत घेऊ नका.

फक्त डेटा बंद असेल तर एसएमएस वापरा. गर्दीत कॉल लागत नाही तेव्हाही तो रांगेत थांबून सुटतो. देवनागरीत एका एसएमएसमध्ये 70 चिन्हं मावतात, मात्रा आणि अनुस्वार धरून, रोमनमध्ये 160. तांब्याच्या तारेवरच्या लँडलाइनला वीज एक्स्चेंजकडून येते, म्हणून घरची वीज गेली तरी ती चालते. फायबरवरची चालत नाही. तिच्या घरातल्या डब्याला बॅटरी लागते.

एकाच इमारतीत ब्लूटूथवर चालणारं ब्रायर हे निरोपाचं अ‍ॅप पुरतं. फोनांपैकी ते अँड्रॉइडवरच चालतं. समोरासमोर क्यूआर कोड स्कॅन करून संपर्क आत्ता जोडा आणि त्या अ‍ॅपपुरती बॅटरी बचत बंद करा, नाहीतर फोन ते मागच्या मागे मारून टाकतो. फोनांची साखळी होऊन निरोप शहरभर जाईल, या भरवशावर राहू नका.

गल्लीपलीकडे जायचं असेल तर लोरा, म्हणजे कमी विजेत लांब पोचणाऱ्या रेडिओचे, छोटे नोड (फोनला ब्लूटूथने जोडायची उपकरणं) आणि त्यांच्यावर मेशटॅस्टिक, म्हणजे एका नोडचा निरोप दुसऱ्याकरवी पुढे ढकलणारं सॉफ्टवेअर. बरेच लोक इथेच अडकतात आणि दोष अँटेनाला देतात.

अँटेना लावल्याशिवाय नोड चालू करू नका. ट्रान्समीटर जळू शकतो. मग अ‍ॅपमध्ये आपला प्रदेश निवडा. तो निवडेपर्यंत नोड काही पाठवतच नाही. भारतात 865 ते 867 मेगाहर्ट्‌झ, युरोपात 868 च्या पट्ट्यात, अमेरिकेत 902 ते 928. नोड आणि अँटेना याच पट्ट्याचे हवेत. 433 चा नोड स्वस्तात मिळाला म्हणून घेतलात तर तो इतरांशी बोलणार नाही.

आता खरी मेख. सुरुवातीला सगळ्यांचा पहिला चॅनल ‘लाँगफास्ट’ असतो आणि त्यावरचे निरोप उघडायची किल्ली जगजाहीर असते. खाजगी बोलायचं म्हणून लोक याच चॅनलचं नाव आणि किल्ली बदलतात. घरातले दोन नोड छान बोलतात, सगळे खूश. पण नेमकी फ्रिक्वेन्सी पहिल्या चॅनलच्या नावावरून ठरते. नाव बदललं की तुम्ही पट्ट्यातल्या दुसऱ्याच खाचेत सरकता आणि शेजारपाजारचे नोड तुमचा निरोप पुढे ढकलत नाहीत, कारण त्यांना तो ऐकूच येत नाही. युरोपच्या पट्ट्यात ‘लाँगफास्ट’च्या वेगाला एकच खाच असल्याने तिथल्या माणसाला हा घोळ दिसत नाही. त्याचा व्हिडिओ पाहून इतर देशांत तेच करणारे फसतात.

म्हणून पहिला चॅनल आहे तसा ठेवा. दुसरा चॅनल उघडा, त्याला आपलं नाव आणि नवी किल्ली द्या. अनोळखी नोडना तो वाचता येत नाही, पण बंद पाकीट ते पुढे पोचवतात. क्यूआर कोडने तो सगळ्यांना द्या. स्कॅन करताना अ‍ॅप ‘बदला’ की ‘जोडा’ विचारतं, तिथे ‘जोडा’च. ‘बदला’ दाबलंत तर आधीचे चॅनल पुसले जातात.

नोडची भूमिका ‘क्लायंट’च राहू द्या. ‘राउटर’ नाव भारदस्त आहे, पण ते उंचावरच्या, मोक्याच्या नोडसाठी. घराघरात राउटर झाले की गोंगाट वाढतो आणि निरोप हरवतात. उड्या, म्हणजे एक निरोप किती वेळा पुढे ढकलला जाईल ती मर्यादा, मुळात 3 असतात, कमाल 7. 3 पुरत नसतील तर उड्या वाढवण्याआधी नोड गच्चीवर न्या. महागड्या अँटेनापेक्षा दोन मजल्यांची उंची जास्त कामाची.

चॅनलवर निरोपापुढे आलेल्या खुणेचा अर्थ एवढाच की दुसऱ्या कुठल्यातरी नोडने तो उचलला. आईने वाचला, असा नाही. पोच हवी असेल तर थेट त्या नोडला पाठवा, किंवा ‘मिळालं’ असं उत्तर यायचं ठरवा. आणि आटोपशीर लिहा: एका निरोपाला सुमारे 200 बाइट मिळतात, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला 3 लागतात, म्हणजे साधारण 65 चिन्हं. ‘1 = ठीक, 2 = घरी येतोय, 3 = मदत हवी’ असे आकडे कागदावर ठरवलेत तर हा प्रश्नच उरत नाही.

वॉकीटॉकी चालतो, पण त्यावरचं बोलणं कोणीही ऐकू शकतं. आपल्या देशात विनापरवाना कुठला पट्टा आणि किती वॅट चालतो ते बघून घ्या. सॅटेलाइट फोन भारतासह काही देशांत परवानगीशिवाय बाळगणं हाच गुन्हा आहे.

विजेचं गणित: 10000 एमएएचची पॉवर बँक 4000 चा फोन अडीच वेळा नाही, दीडेक वेळा भरते. नोड तिच्यावर चालवायचा असेल तर आधी रात्रभर तपासा. भार फार कमी दिसला की बऱ्याच पॉवर बँका आपोआप बंद होतात. एनआरएफ 52 चिपचा नोड घेतलात तर तो ईएसपी 32 चिपच्या नोडच्या तुलनेत कितीतरी कमी वीज खातो.

शेवटी तालीम. सगळ्यांनी फोन एअरप्लेन मोडवर टाकायचे, वाय-फाय बंद, फक्त ब्लूटूथ चालू. घरातून नाही, प्रत्येकाने आपापल्या रोजच्या जागेवरून, ठरलेल्या तिन्ही वेळी निरोप पाठवायचा. ज्याचा आला नाही त्याच्या नोडची जागा बदला आणि पुन्हा करा. नोडचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) अद्ययावत करायचं असेल तर सगळ्यांचं एकाच दिवशी, आणि त्यानंतर तालीम पहिल्यापासून.