बासष्टची ‘जर-तर’ कथा लिहिताय? या चुका टाळा

दिवाळी अंकांचे दिवस आले की आमच्या नाशिकच्या मित्रमंडळात एक तरी कथा हमखास येते : १९६२ च्या चीन युद्धात आपण लढाऊ विमानं वापरली असती तर? कल्पना झकास, पण कथा तिसऱ्या पानावर कोसळते. माझीही कोसळली.

आधी किरकोळ चूक. नायकाच्या डोक्यावरून मिग-२१ जातं. अहो, मिगचा करारच ऑगस्ट १९६२ चा. ओझरचा मिग कारखाना तर त्याच्याही नंतरचा. तेव्हा हंटर, कॅनबेरा, तुफानी होती, तीच उडवा. जवानाच्या हातात थ्री-नॉट-थ्री रायफल द्या.

खरा घोटाळा थंडी आणि उंची नुसती वर्णनापुरती वापरल्यानं होतो. माझ्या पहिल्या खर्ड्यात लडाखमधल्या रेझांग ला खिंडीत जवान गरमागरम वरण-भात जेवत होते. सोळा हजार फुटांवर पाणी साधारण ८४ अंशांनाच उकळतं. साध्या पातेल्यात डाळ कितीही रटरटवा, दाताखाली कचकचणारच. काल मैदानातून आलेली कुमक आज कडा चढते, हेही तसंच. विरळ हवेची सवय व्हायला दिवस जातात. आणि बर्फ फक्त आपल्याच बाजूला पडत नाही. तिकडे अरुणाचलात सेला, बोमडिला ओलांडून खाली उतरलेल्या चिनी फौजेच्या पाठीमागच्या खिंडीही बुजणारच होत्या. हा धागा फारसं कुणी धरत नाही, याचं नवल वाटतं.

तोफांचं प्रकरण मात्र मला चांगलंच भोवलं. १८ नोव्हेंबरच्या पहाटे मी जवळच्या चुशूलच्या तोफा रेझांग लापुढे डागल्या आणि मेजर शैतान सिंग यांची कंपनी वाचवली. खर्डा देवळालीच्या तोफखाना कॅम्पातल्या एका निवृत्त सुभेदारकाकांना दाखवला. त्यांनी वाटी पालथी घातली, अलीकडे चुन्याची डबी ठेवली, पलीकडे सुपारी. “मधला डोंगर कुठे गेला तुमचा?” डोंगर आडवा आल्यानंच त्या कंपनीला तोफखान्याची मदत मिळाली नव्हती. तोफा आधीच हलवायच्या, तर रस्ता दाखवा, गोळे वाहून न्या, आणि त्या हलवल्यानं उघडी पडलेली दुसरी चौकी कोणती, तेही सांगा. वर काका म्हणाले, “थंडीत तोफेच्या दारूचा जोर कमी पडतो, विरळ हवेत गोळा लांब जातो. देवळालीचा हिशेब तिथं जसाच्या तसा लावू नका.”

शेवटची चूक आईनं पकडली. माझ्या कथेत आपण युद्ध जिंकतो, कृष्ण मेनन संरक्षणमंत्रिपदी राहतात आणि १९६३ मध्ये यशवंतराव चव्हाण नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून जातात.

“मेनन गेलेच नाहीत, तर त्यांच्या जागी संरक्षणमंत्री व्हायला यशवंतराव मुंबई सोडून दिल्लीला कशाला जातील?” आईनं विचारलं.

सध्या मेननना घालवायला दुसरं कारण शोधतोय.