जुलाब थांबले, पण पोट काही ताळ्यावर येईना? या चुका टाळा

पावसाळ्यात पाणी बाधतं, तीन-चार दिवस जुलाब, उलट्या, ताप, कधी सलाईन पण लागतं, मग ताप उतरतो आणि घरचे म्हणतात सुटलो एकदाचे. पण दोन महिने झाले तरी सकाळी चारदा पळावं लागतं, जेवलं की लगेच मुरडा, संध्याकाळी पोट टम्म. याला पोस्ट-इन्फेक्शियस आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम), म्हणजे इन्फेक्शननंतर चिडकं झालेलं आतडं, म्हणतात आणि पोटाचं इन्फेक्शन झालेल्या साधारण दहातल्या एका माणसाला हे होतं, म्हणजे काही दुर्मिळ नाही.

सगळ्यात मोठी आणि सगळ्यात जास्त केली जाणारी चूक म्हणजे "अजून जंतू आत आहेत" असं धरून मेडिकलमधून परत परत अँटिबायोटिक आणणं. आधी ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल, मग मेट्रोनिडाझोल, मग कोणी सांगितलं म्हणून अजून एक. अहो, जंतू बहुतेक वेळा कधीच गेलेला असतो! मागे राहतं ते आतड्याचं हुळहुळेपण. अस्तराला थोडी सूज असते, सिरोटोनिन (आतड्याची हालचाल चालवणारं रसायन) बनवणाऱ्या पेशी वाढलेल्या असतात, नसा इतक्या जाग्या झालेल्या असतात की नेहमीचा गॅस पण कळ वाटतो, आणि आतड्यातल्या चांगल्या बॅक्टेरियांची घडी विस्कटलेली असते. त्यात प्रत्येक नवा कोर्स ती घडी अजून विस्कटतो. मुळात इन्फेक्शनच्या वेळी अँटिबायोटिक घेतलेल्यांमध्ये हा त्रास मागे राहण्याचं प्रमाण जास्त दिसलंय.

हे सगळं नीट कळलं त्यात कॅनडातल्या वॉकर्टन गावाचा मोठा वाटा आहे. मे २००० मध्ये तिथल्या नळाच्या पाण्यात ई. कोलाय आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जंतू शिरले, दोन हजारांवर लोक आजारी पडले, सात गेले. पुढे डॉक्टरांनी त्या लोकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. दोन-तीन वर्षांनी, जे तेव्हा आजारी पडले होते त्यांच्यातल्या सुमारे २८ टक्के लोकांना आयबीएस होता आणि आठ वर्षांनी तपासलं तेव्हा तो आकडा १५ टक्क्यांच्या आसपास आला होता. म्हणजे बरेच जण हळूहळू सुधारतात, पण वेळ लागतो. पुण्यात जानेवारी २०२५ मध्ये जीबीएसची (नसांवर हल्ला करणारा गियाँ-बारे सिंड्रोम) साथ आली तेव्हा काही पेशंटच्या नमुन्यांत हाच कॅम्पिलोबॅक्टर सापडला होता, त्यामुळे हे तिकडचं दुखणं म्हणून सोडून देऊ नका.

स्टूल रिपोर्टवर "अमिबाच्या सिस्ट" दिसल्या की घाबरून औषध सुरू, ही आपल्याकडची खास चूक. अमिबाचे दोन प्रकार, त्रास देणारा हिस्टोलिटिका आणि निरुपद्रवी डिस्पार, यांच्या सिस्ट (कवचातले अमिबा) मायक्रोस्कोपखाली अगदी सारख्या दिसतात, त्यामुळे रिपोर्ट वाचून स्वतः ठरवू नका, डॉक्टरांना दाखवा.

आता याच्या बरोबर उलटी चूक: तपासणीच न करता "मला आयबीएसच आहे" म्हणत बसणं. शौचातून रक्त, वजन उतरणं, ताप, रात्री झोपेतून उठून जावं लागणं, हिमोग्लोबिन कमी होणं, किंवा पन्नाशीच्या आसपास पहिल्यांदाच हा त्रास सुरू होणं, यातलं काहीही असेल तर थांबू नका. आपल्याकडे जिआर्डिया (आतड्यातला परजीवी), आतड्याचा टीबी, सिलियाक (गव्हातल्या ग्लुटेनचा त्रास), ट्रॉपिकल स्प्रू (अन्न नीट शोषलं न जाण्याचा आजार), सगळं याच तोंडवळ्याने येतं. रक्ताची साधी तपासणी, सिलियाकची टेस्ट आणि स्टूलमधलं कॅलप्रोटेक्टिन (आतड्याची सूज दाखवणारी टेस्ट), एवढ्यावर पण बऱ्याच शंका मिटतात.

मग रिफॅक्सिमिन? ते पण अँटिबायोटिकच, पण रक्तात जवळपास उतरत नाही, आतड्यातच काम करतं, आणि जुलाबवाल्या आयबीएससाठी अमेरिकेत २०१५ मध्ये त्याला मान्यता मिळाली. डोस ५५० मिग्रॅ दिवसातून तीनदा, १४ दिवस. मोठ्या चाचण्यांत गोळी घेणाऱ्यांपैकी साधारण ४१ टक्के लोकांना आराम पडला आणि औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपैकी ३२ टक्के, म्हणजे फायदा आहे पण जादू नाही, आणि काहींना त्रास परत येतो. डॉक्टरांनी दिलं तरच घ्या.

प्रोबायोटिकच्या (चांगल्या बॅक्टेरियांच्या) महागड्या कॅप्सूल महिनोन्‌महिने चालू ठेवू नका. एकच प्रकार निवडा, बारा आठवडे बघा, फरक नाही तर बंद.

खाण्यात लोक दोन टोकं गाठतात. एक म्हणजे "फायबर हवं" म्हणून गव्हाचा कोंडा, सॅलड, कडधान्यं यांचा मारा, त्याने पोट अजून फुगतं. त्यापेक्षा इसबगोल बरं, एक चमच्यापासून सुरू करून हळूहळू वाढवायचं, भरपूर पाण्याबरोबर. दुसरं टोक म्हणजे लो फॉडमॅप (आतड्यात आंबून गॅस करणाऱ्या साखरा कमी असलेला आहार) वाचलं आणि सगळंच कायमचं बंद! मेलबर्नच्या मोनॅश युनिव्हर्सिटीतून आलेला हा आहार चार ते सहा आठवड्यांसाठी आहे, नंतर एकेक पदार्थ परत आणून आपल्याला नक्की काय सोसत नाही ते शोधायचं. आपल्या घरात मुख्य संशयित म्हणजे कांदा, लसूण, गहू, राजमा, छोले आणि दूध. तेवढे दिवस भात, ज्वारीची भाकरी, कांदा-लसूण नसलेली भाजी यावर छान भागतं. लसणाशिवाय जमतच नसेल तर अख्ख्या पाकळ्या फोडणीच्या तेलात परतून काढून टाका, वास राहतो आणि फुगवणारा भाग तेलात विरघळत नाही. इन्फेक्शननंतर काही आठवडे फक्त दूधच सोसत नाही असंही होतं, त्यामुळे सुरुवात तिथून केलेली सोपी.

आणि एक कळकळीने सांगते, डॉक्टरांनी रात्री अमिट्रिप्टिलीन लिहून दिली आणि नेटवर "डिप्रेशनची गोळी" असं वाचलं म्हणून परस्पर बंद करू नका. १० मिग्रॅसारख्या छोट्या डोसमध्ये ती आतड्याच्या नसा शांत करायला असते, ब्रिटनमध्ये २०२३ च्या मोठ्या चाचणीत आयबीएसवर तिचा फायदा दिसलाय. तोंड कोरडं पडणं, सुस्ती येणं सुरुवातीला होतं, हृदयाचा त्रास असेल तर आधी सांगायचं, आणि दोन दिवसांत फरक नाही म्हणून सोडायची नाही, काही आठवडे द्यावे लागतात.