ब्रूक्स फॉल्सची अस्वलं: कुटुंबासह जाताना या चुका टाळा

अलास्कातल्या कॅटमाय नॅशनल पार्कमध्ये ब्रूक्स नदीवर जेमतेम दोन मीटर उंचीचा धबधबा आहे. समुद्राकडून प्रवाहाविरुद्ध आलेला सॉकाय सॅमन मासा तो ओलांडायला उड्या मारतो आणि वरच्या काठावर तपकिरी अस्वल तोंड उघडून उभं असतं. हे पाहायला कुटुंबं प्रचंड खर्च करून येतात, तरी काहींना रिकामी नदी बघून परतावं लागतं. बहुतेकदा कारण एकच असतं: सहल आपल्या सुट्टीप्रमाणे आखलेली असते, माशाच्या वेळेप्रमाणे नाही.

चुकीचा महिना

सॅमन साधारण जूनच्या अखेरीला येतो. धबधब्यावरची खरी गर्दी जुलैची. भारतातल्या शाळांच्या सुट्टीत येऊन जूनच्या मध्याला परतणाऱ्या पाहुण्यांना धबधब्यावर काही दिसण्याची आशा फारच कमी. ऑगस्टमध्येही निराशा होते, कारण मासे तळ्यांत आणि वरच्या ओढ्यांत अंडी घालायला पांगतात आणि अस्वलं त्यांच्यामागे जातात. सप्टेंबरमध्ये अस्वलं पुन्हा दिसू लागतात. अंडी घालून थकलेले, मरणाला टेकलेले मासे तेव्हा नदीच्या खालच्या भागात सहज हाती लागतात. अस्वलं तेव्हा सर्वांत जाडजूड असतात, पण उड्या मारणारा मासा मात्र फारसा दिसत नाही. उडीचा क्षण पाहायचा असेल तर जुलै, लठ्ठ अस्वलं पाहायची असतील तर सप्टेंबर. निघण्याआधी आठवडाभर नदीवरचे थेट कॅमेरे इंटरनेटवर पाहा, म्हणजे मासा आला की नाही ते घरबसल्या कळतं.

एका दिवसात उरकण्याचा बेत

इथे रस्ता नाही. अँकरेजहून विमानाने किंग सॅमन या गावी जायचं आणि तिथून पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या फ्लोटप्लेनने नाकनेक तळ्यावर. ढग खाली आले की उड्डाणं थांबतात. म्हणून परतीचं मोठं विमान त्याच संध्याकाळचं कधीही घेऊ नका, मध्ये किमान एक मोकळा दिवस ठेवा. सामानाला वजनाची मर्यादा असते आणि प्रवाशांचंही वजन विचारतात. ते खरं सांगा, विमानाचा तोल त्यावर बसवतात. कडक सूटकेस न आणता मऊ पिशव्या आणा. मुलांना विमान लागत असेल तर डॉक्टरांना विचारून औषध उड्डाणाच्या आधीच द्या, मळमळ सुरू झाल्यावर त्याचा फारसा उपयोग होत नाही.

मुक्काम मिळाला तर चित्र बदलतं. दिवसाचे प्रवासी परतल्यावर संध्याकाळी अस्वलं पाहण्यासाठी बांधलेल्या मचाणांवर जागा मोकळी होते. लॉजच्या खोल्या खूप आधी लॉटरीने दिल्या जातात. विद्युत कुंपणातल्या तंबूतळावर 60 जणांची सोय आहे. त्याचं आरक्षण जानेवारीच्या सुरुवातीला खुलतं आणि जुलैच्या तारखा काही मिनिटांत संपतात. सगळ्यांची नावं आणि दोन-तीन पर्यायी तारखा हाताशी ठेवूनच बसा.

खिशातला लाडू

आपल्या माणसांकडून सर्वांत सहज होणारी चूक ही. उतरल्यावर रेंजर सगळ्यांना अस्वलांबाबतची सक्तीची शिकवणी देतात. त्यानंतर वाटेवर आणि मचाणावर फक्त साधं पाणी चालतं. थेपले, चिवडा, चिक्की, मुलाच्या खिशातली गोळी, सरबताची बाटली, सगळं खाद्यपदार्थांच्या कोठीत ठेवायचं आणि ठरवून दिलेल्या जागीच खायचं. हा नियम टोकाचा वाटतो, पण अस्वलाला माणसाजवळ एकदा खाऊ मिळाला की ते प्रत्येक पाठपिशवीकडे वळतं आणि अशा अस्वलाचा शेवट अनेकदा बंदुकीच्या गोळीने होतो. पिशवी खाली ठेवून फोटो काढायला दूर जाणं ही त्याच जातीची चूक. मुलांना मचाणाकडे निघण्याआधीच पोटभर खाऊ घाला आणि स्वच्छतागृहात नेऊन आणा, मचाणावर ती सोय नाही.

ताडोब्याच्या सवयीने वावरणं

ताडोब्यात आपण जिप्सीत बसून असतो, खाली उतरायची मुभाच नसते. इथे शिकवणी झाली की पायी निघायचं, धबधब्यापर्यंत सुमारे दोन किलोमीटर, आणि त्याच वाटेने अस्वलंही येतात. म्हणून:

- अस्वलापासून किमान 45 मीटर अंतर ठेवा. ते आपल्याकडे येत असेल तर मागे सरकणं आपलं काम आहे.
- जंगलातून जाताना मोठ्याने बोलत राहा, टाळ्या वाजवा. वळणावर अचानक समोरासमोर येणं सर्वांत धोक्याचं.
- पळू नका. मूल घाबरून पळतं, म्हणून लहानांचा हात मोठ्यांच्या हातातच हवा.
- बाबागाडी आणू नका, बाळाला अंगावर बांधून घ्या.

अस्वलांसाठीचा मिरचीचा फवारा विमानात नेता येत नाही, ना केबिनमध्ये ना सामानात. काहीजण तो डासांच्या औषधासारखा कपड्यांवर मारतात. त्याने अस्वल दूर राहत नाही, उलट आपलेच डोळे जळतात.

फक्त धबधब्याच्या मचाणावर अडून बसणं

या मचाणावर एका वेळी 40 माणसं मावतात. गर्दीत नाव यादीत लिहून थांबावं लागतं आणि तासाभराने जागा सोडावी लागते. शिकवणी संपली की सरळ जाऊन नाव नोंदवा. वाट पाहताना जरा खालच्या उथळ प्रवाहावरच्या मचाणावर उभे राहा. तिथे अस्वलं पाण्यात धावून मासे पकडतात, आणि मुलांना हेच जास्त आवडतं. पिल्लं पाहायची असतील तर नदीच्या खालच्या भागात जा. धबधब्याच्या चांगल्या जागा मोठे नर बळकावतात, म्हणून बऱ्याच माद्या पिल्लांना घेऊन तिथून लांब राहतात.

माद्यांना नरांची वाटणारी ही भीती खरी आहे. जुलै 2024 मध्ये ग्रेझर या मादीची (इथल्या अस्वलांना ओळखीसाठी क्रमांक दिलेले आहेत, हिचा 128) पिल्लं धबधब्यावरून खाली वाहून आली. त्यातल्या एकावर 32 क्रमांकाच्या चंक या नराने हल्ला केला आणि ते पुढे मेलं. लहान मुलांना नेण्याआधी असंही काही दिसू शकतं, हे शांतपणे सांगून ठेवा. अर्धवट खाऊन टाकलेले मासे दिसले तर तेही समजावा. मासा मुबलक असला की अस्वल त्यातली कातडी, मेंदू आणि अंडी एवढंच खातं. चरबी तिथेच जास्त असते आणि हिवाळ्याची झोप त्याच चरबीवर काढायची असते. उरलेलं समुद्रपक्षी नेतात.

फोटो फसतात ते का

उडी पाहिल्यावर बटण दाबलं की मासा आधीच तोंडात गेलेला असतो. धबधब्याच्या कडेवर एका अस्वलाच्या तोंडाशी आधीच फोकस लावा, शटर 1/1000 सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवा, सलग फोटो काढत राहा. 100–400 मिलिमीटरची लेन्स पुरते. तिपाईला जागा लागते, एकपायी स्टँड बरा. ड्रोनला अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत बंदी आहे.

कपडे

जीन्स भिजली की वाळत नाही, आणि जुलैतही थंडी-पाऊस असतो. लोकरी किंवा कृत्रिम धाग्याचे थर, वर पावसाचं जॅकेट आणि पँट, पाण्यात चालणारे बूट आणि डासांसाठी डोक्यावरची जाळी, एवढं प्रत्येकाकडे हवं. आजी-आजोबांसाठी घडीची छोटी बैठक न्यावी का, हे रेंजरला आधी विचारा.

बजेट बसत नसेल तर

कॅनडातल्या स्टीवर्टहून मोटारीने अलास्कातल्या हायडरला जाता येतं. तिथल्या फिश क्रीकवर चम आणि पिंक सॅमन येतात, जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत, आणि उंच लाकडी पायवाटेवरून अस्वलं दिसतात. त्या पायवाटेचं तिकीट आधी काढा. भारतीय पासपोर्टवाल्यांची इथे फसगत होते: हायडरमध्ये शिरताना अमेरिकेची तपासणी चौकी नाही, म्हणून व्हिसा लागत नाही असं ते धरून चालतात. अमेरिकेचा वैध व्हिसा लागतोच. परतताना कॅनडाची चौकी कागद पाहते, त्यामुळे कॅनडाचा व्हिसा एकाहून जास्त वेळा प्रवेश देणारा आहे ना, हे घरून निघण्याआधी तपासा.