हायपर की हायपो?

मी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला शिकवते. वर्गातल्या बहुतेक मुली मराठी माध्यमातल्या, हुशार; पण 'हायपर' आणि 'हायपो' घाईत ऐकले की गडबडतात. वॉर्डात ही गडबड परवडत नाही. हायपोग्लायसेमिया म्हणजे रक्तातली साखर दर १०० मिलिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली. पेशंटला दरदरून घाम फुटतो, हात थरथरतात. शुद्धीवर असेल, नीट गिळता येत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यायची. त्यालाच हायपर समजून इन्शुलिन टोचलं, तर जिवावर बेतेल.

म्हणून मी घोकंपट्टी करून घेत नाही, नातं दाखवते. ग्रीक 'हायपर' आणि संस्कृत 'उपरि' ही भावंडं, आणि त्याच 'उपरि'पासून आपलं 'वर' आलं. हायपर म्हणजे वर. 'हायपो'तला ओ 'ओसरलं'मधला धरा. आणि फोनवर निरोप आला तर नुसत्या शब्दावर विसंबू नका, आकडा विचारा.

'इंट्रा' म्हणजे आत: इंट्राव्हेनस, शिरेच्या आत. 'इंटर' म्हणजे दोहोंमध्ये: इंटरकोस्टल स्नायू, बरगड्यांच्या मधले.

'इन' मात्र फसवतो. 'इनअ‍ॅक्टिव्ह'मध्ये तो नकार असतो, स्पिरिटच्या बाटलीवरच्या 'इन्फ्लेमेबल'मध्ये नसतो. तो शब्द पेटवणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून आलाय. ती बाटली चटकन पेट घेते. शेगडीपासून लांबच ठेवा.