कढीपत्त्याच्या कुंडीत फुलपाखराचं जीवनचक्र: मुलांकडून चित्रं कशी काढून घ्यावीत

पावसाळ्यात खिडकीच्या ग्रिलमधला कढीपत्ता किंवा लिंबू रोज बघा. कोवळ्या पानावर साबुदाण्याहून लहान, फिकट पिवळा, गोल दाणा एकटाच चिकटलेला दिसला, तर ते बहुधा लिंबाच्या फुलपाखराचं अंडं. नाव मात्र फुलपाखरू बाहेर आल्यावरच लिहायचं. कॉमन मॉर्मन नावाचं दुसरं फुलपाखरूही याच झाडांवर अंडी घालतं आणि दोघांच्या अळ्या दिसायला सारख्याच.

सामान थोडंच: 2H आणि HB पेन्सिल, दहापट दाखवणारं भिंग, आलेख कागद, जाड कागदाची वही. रंग नंतर.

प्रत्येक चित्राशेजारी तारीख, खरी लांबी आणि किती पट मोठं काढलं ते हवंच. 1 मिमीचं अंडं 3 सेंमीचं काढलं, तर ‘×30’. अळीला पट्टी लावू नका, ती आक्रसते आणि माप चुकतं. पानासकट आलेख कागदावर ठेवा आणि चौकोन मोजा.

मुलं पहिल्याच दिवशी हिरवी अळी काढतात, कारण पुस्तकात तीच असते. भिंगातून बघायला लावा: सुरुवातीची अळी काळपट-तपकिरी, मध्ये पांढरा पट्टा, थेट पक्ष्याच्या शिटेसारखी. हिरवी होते ती शेवटची कात टाकल्यावर. म्हणून दर कातीला वहीचं नवं पान.

पायांवर घाई करू नका. डोक्यामागे सांध्यांचे, टोकदार पाय 3 जोड्या, पोटाखाली मांसल पाय 4 जोड्या, शेपटाशी 1 जोडी. मोठे ‘डोळे’ दिसतात ते पाठीवरचे नुसते ठिपके. खरे डोळे तोंडाजवळ, टाचणीच्या टोकाएवढे. हा फरक मुलाला स्वतःला सापडू द्या, आपण आधी सांगू नका. डिवचल्यावर अळी दुभंगलेलं नारिंगी शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. चित्रासाठी मुद्दाम डिवचू नका.

अळी पानासकट बरणीत ठेवलीत तर बरणीच्या तोंडाला मलमल बांधा, तळाला वर्तमानपत्र, तेही रोज बदला. मुंबईच्या दमट हवेत लेंड्यांवर एका रात्रीत बुरशी धरते. बाजारातला कढीपत्ता घालू नका, त्यावर औषध फवारलेलं असेल तर अळी मरते. डहाळी पाण्याच्या छोट्या बाटलीत खोचलीत तर बाटलीचं तोंड कापसाने बंद करा, नाहीतर अळी आत पडून बुडते. कोषासाठी एक खडबडीत काडी तिरकी ठेवा. अळी शेपूट काडीला चिकटवते आणि अंगाभोवती रेशमाचा दोरा घेते. हा दोरा चित्रात हमखास राहून जातो.

कोषाला भोक पडून बारीक माश्या निघाल्या, तर त्या परजीवी गांधीलमाश्या. मुलं हिरमुसतात. त्याचंही चित्र तारखेसह काढू द्या, तेही एक जीवनचक्रच आहे.

पानही नीट काढा: कढीपत्त्याची अख्खी डहाळी वाटते ते एकच संयुक्त पान, त्यावरची छोटी पानं म्हणजे पर्णिका. सतराव्या शतकात मारिया सिबिला मेरियन या जर्मन चित्रकर्तीने अळी, कोष आणि फुलपाखरू त्यांच्या खाद्यवनस्पतीसह एकाच चित्रात दाखवले. आपणही तेच करायचं.

पंख वाळले की फुलपाखरू सोडा. मग दिवसाला 1 सेंमी या मापाने कागदाच्या पट्टीवर अंडं, अळी, कोष मांडा आणि टोकं जुळवून पट्टीचं कडं करा. सोडल्यानंतरचे दिवस मोजलेले नाहीत, म्हणून कोष आणि पुढच्या अंड्याच्या मधे तुटक रेघ.